जुहूच्या जमिनीवर २६० फूट

माझा धाकटा मुलगा नववीत आहे. मामूंनी दिलेल्या त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवे गेम चालत नाहीत, म्हणून तो २००३ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर चालवतो. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली त्या निमित्तानं निघालेली ही आवृत्ती, त्यामुळे तिच्यात जुनी विमानं बरीच आहेत. पोराचा जीव जडलाय तो पिवळ्या पायपर कबवर. हे विमान मलाही आवडतं. पुढे-मागे दोन खुर्च्या, ६५ अश्वशक्तीचं इंजिन. खऱ्या कबमध्ये बॅटरी नाही, म्हणजे स्टार्टरही नाही. कुणीतरी समोर उभं राहून पंखा हातानं फिरवायचा. पेट्रोल किती उरलं हे सांगायला टाकीत एक बूच तरंगतं, त्या बुचाला तार जोडलेली, ती तार काचेच्या पुढे टाकीच्या झाकणातून वर डोकावते. तार खाली बसली की उतरायला जागा शोधायची. १९३८ ते १९४७ या काळात अशी सुमारे वीस हजार विमानं बनली.

गेल्या जुलैतली गोष्ट. बाहेर पाऊस, शाळेला सुट्टी. पोरानं कब जुहूच्या धावपट्टीवर उभं केलं, नेहमीप्रमाणे ‘बी’ ची कळ दाबली आणि निघाला. त्या गेममध्ये ‘बी’ दाबलं की अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ, आपोआप बरोबर लागतं. अलिबागपर्यंत जाऊन परत फिरला. वाटेत कंटाळा आला म्हणून त्यानं हवामान बदललं: खिडकीबाहेर होतं तसंच, पाऊस, ढग आणि हवेचा दाब १००४. मग दिसेनासं झालं. बाहेर बघण्याऐवजी तो काट्याकडे बघत खाली येत राहिला. काटा २६० फुटांवर होता आणि चाकं जमिनीवर आदळली.

विमान उभं राहिलं तरी काटा २६० वरच. जुहूचं मैदान समुद्रापेक्षा जेमतेम बारा-तेरा फूट उंच आहे.

“अब्बू, गेम में बग है.”

मी चष्मा लावून पाहिलं. मी काही वैमानिक नाही, उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण विमानांच्या इतिहासाचा मला नाद आहे, आणि एवढं मला माहीत होतं की काटा बिघडलेला नाही. काट्याला जे सांगितलं होतं ते तो इमानदारीनं दाखवत होता. हे पोराला समजावता समजावता तीन-चार संध्याकाळी गेल्या. हा लेख त्याच संध्याकाळींचा.

पहिली गोष्ट ही की अल्टिमीटर उंची मोजतच नाही. त्याच्या पोटात पातळ पत्र्याची एक हवाबंद डबी असते. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की डबी फुगते, वाढला की चेपते. ती हालचाल दातेरी चाकांनी वाढवून काट्याला दिलेली असते, बस. वर गेलं की हवा विरळ होते, दाब घटतो, डबी फुगते, काटा चढतो. पण जमिनीवर उभं असतानाच पावसाळ्यामुळे दाब घटला तरी डबी तशीच फुगणार आणि काटा तसाच चढणार. आपण वर गेलो की आभाळ बदललं, हे त्या डबीला कळायला मार्ग नाही. समुद्राजवळच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण २७ फूट. उड्डाणाच्या वेळी १०१३, उतरताना १००४. नऊ गुणिले सत्तावीस, अधिक जुहूची उंची. हिशेब जुळतो.

हेक्टोपास्कल या शब्दात ज्याचं नाव आहे त्या पास्कलपासूनच सुरुवात करावी लागते. १६४४ साली इटलीत तोरिचेल्लीनं काचेच्या नळीतला पारा दाखवून म्हटलं होतं की आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे. फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलनं पुढचा विचार केला: तळाशी असू तर वर चढल्यावर पारा उतरला पाहिजे. त्याची प्रकृती नाजूक आणि राहणं पॅरिसला. म्हणून त्यानं क्लेरमाँला राहणाऱ्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला कामाला लावलं. गावाजवळ प्युई द डोम नावाचा डोंगर आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए गावातले काही मातब्बर लोक साक्षीला घेऊन वर चढला. माथ्यावर पारा गावातल्यापेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरला होता.

पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट इथं संपते. मला मात्र तिच्यातला दुसरा माणूस महत्त्वाचा वाटतो. निघण्यापूर्वी पेरिएनं तशीच एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवली होती आणि एका पाद्र्याला सांगितलं होतं की मी परत येईपर्यंत दिवसभर हिच्याकडे बघत बसा, पारा हलतो का ते पाहा. तो बिचारा बसला. पारा दिवसभर हलला नाही. वरचा पारा उतरला तो उंचीमुळे, हवामान बदलल्यामुळे नाही, हे त्या खाली बसलेल्या माणसामुळे सिद्ध झालं. तो नसता तर डोंगर चढून आलेल्या सगळ्यांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती.

माझ्या पोराच्या विमानात नेमका हाच माणूस नव्हता. आणि विमानविद्येच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांतही तो नव्हता.

पाऱ्याची नळी हलत्या वाहनात नेणं म्हणजे कसरत. तरी १ डिसेंबर १७८३ रोजी पॅरिसमधून हायड्रोजनच्या फुग्यात बसून वर गेलेल्या जाक शार्लनं वायुदाबमापक बरोबर नेला होता. १८४४ साली ल्युसियाँ व्हिदी या फ्रेंच माणसानं पाऱ्याशिवायचा, हवाबंद डबीचा दाबमापक काढला. त्याला अॅनेरॉइड म्हणतात, म्हणजे ग्रीकमध्ये ‘द्रव नसलेला’. तो खिशात मावायचा. गिर्यारोहकांनी उचलला, फुगेवाल्यांनी उचलला आणि विमानं आल्यावर वैमानिकांनी. तबकडीवर दाबाच्या आकड्यांऐवजी फूट लिहिले की झालं अल्टिमीटर. एक काटा, एक गुंडी. निघण्यापूर्वी गुंडी फिरवून काटा शून्यावर आणायचा, किंवा त्या मैदानाची जी उंची असेल तिच्यावर. जुन्या हलक्या विमानांत, कबमध्येसुद्धा, बहुतेक वेळा असंच साधं यंत्र असे. पुढे हवामान बदललं तर? बदललं. सांगणार कोण? विमानात रेडिओ नव्हता.

आता जुहूच आहे तर जुहूचीच गोष्ट सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन एका पुस मॉथ विमानातून निघाले. सकाळी सहा पस्तीसला. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं, ते बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतून. दुपारी एक पन्नासला जुहूला उतरले. टाटांच्या विमान कंपनीचं हे पहिलं उड्डाण, ज्यातून पुढे एअर इंडिया झाली. पुस मॉथ लाकूड आणि कापडाच्या पंखांचं, एका इंजिनाचं, बिनरेडिओचं. त्याच्या दोन वर्षं आधी आगा खान यांनी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. इकडून तिकडे निघाले होते, अॅस्पी इंजिनीअर नावाचा कोवळा तरुण तिकडून इकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अॅस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडून पडलं होतं. जे. आर. डीं.नी आपल्याकडचे प्लग दिले. बक्षीस अॅस्पीनं जिंकलं. हा किस्सा विषयाला सोडून आहे, पण तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तर सकाळी साडेसहा ते दुपारी दोन. आपल्याकडच्या हवेची एक खोड आहे, जी युरोपातल्या लोकांना चटकन जाणवत नाही. तिथं वादळं येऊन-जाऊन दाब इतका हलतो की बारीक चढउतार त्यात बुडून जातात. आपल्याकडे हवा शांत असली तरी दाब दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणजे सकाळी दहाला शून्यावर लावलेला काटा दुपारी चारला, विमान जागचं हललं नाही तरी, ऐंशी ते शंभर फूट दाखवेल. दहा मजली इमारत म्हणा. विमान उभं आहे, वैमानिक चहा पीत बसलाय आणि काटा आपला दहाव्या मजल्यावर गेलाय.

त्यावर पावसाळा. मुंबईत जानेवारीत समुद्रपातळीचा सरासरी दाब साधारण १०१३ असतो, जुलैत १००४ च्या आसपास. उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्तानची जमीन तापते, तिथला दाब पडतो, त्या पोकळीकडे समुद्रावरून वारे धावतात, त्यालाच आपण मान्सून म्हणतो. म्हणजे माझ्या पोरानं कंटाळून गेममध्ये जे पाच मिनिटांत केलं, तेच निसर्ग दर वर्षी जानेवारी ते जुलै करतो. तेच नऊ हेक्टोपास्कल.

जुन्या वैमानिकांना हे कळत नव्हतं असं नाही. ते काट्यावर जीव टाकत नव्हते इतकंच. जमीन दिसली पाहिजे, किनारा दिसला पाहिजे, रेल्वेचे रूळ दिसले पाहिजेत. नाही दिसले तर खाली उतरायचं किंवा निघायचंच नाही. जुहूचं मैदान तर पावसाळ्यात चिखलात जायचं, म्हणून टाटांचा सगळा पसारा त्या महिन्यांत पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलायचा. जुहू बारा-तेरा फूट, पुणे सुमारे १,९०० फूट आणि मध्ये घाट. लोहगडाचा माथाच १,०३० मीटरच्या वर आहे, म्हणजे जवळपास ३,४०० फूट. जुहूला शून्यावर लावलेला काटा १,९०० दाखवत असेल तेव्हा येरवड्यात चाकं गवताला टेकलेली असणार. घाटावर ढग बसला असेल आणि काटा दोन-अडीचशे फूट जास्त दाखवत असेल, तर काय होईल हे सांगायला नको. त्या काळातले लोक धाडसी होते असं आपण म्हणतो. माझ्या मते ते धाडसीपेक्षा संशयी होते, आणि म्हणून जगले.

काट्यावर विश्वास ठेवता येईल अशी पाळी आली ती १९२८-२९ साली अमेरिकेत. पॉल कोल्समन हा जर्मनीहून आलेला तरुण. त्यानं पाचशे डॉलर भांडवलावर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्वतःची कंपनी काढली. जुन्या अल्टिमीटरची डबी हलायची, पण दातेरी चाकांच्या घर्षणात बारीक फरक हरवून जायचा. शे-पन्नास फुटांचा पत्ता लागायचा नाही. कोल्समननं घड्याळजींच्या दर्जाची बारीक चाकं बसवली आणि काटा वीस फुटांचा फरक दाखवू लागला. शिवाय त्याच्या यंत्राच्या तबकडीत एक छोटी खिडकी होती. गुंडी फिरवली की त्या खिडकीत हवेच्या दाबाचा आकडा सरकायचा. आजही वैमानिक तिला ‘कोल्समन विंडो’ म्हणतात.

ती खिडकी दिसायला क्षुल्लक आहे, पण सगळी गोष्ट तिच्यात आहे. आधी गुंडी फिरवून काटा हलवता यायचा. आता काट्याला खालच्या हवेचा दाब आकड्यात सांगता येऊ लागला. आकडा म्हटलं की तो दुसरा कुणीतरी, दूर बसून, बोलून सांगू शकतो.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल या लष्करी वैमानिकाच्या खुर्चीवर कापडी टप झाकला. बाहेरचं काही म्हणता काही दिसणार नाही असा. पुढच्या खुर्चीत बेन केल्सी नावाचा दुसरा वैमानिक, काही चुकलं तर सावरायला. त्यानं कंट्रोलला हात लावला नाही. डूलिटलनं विमान उडवलं, फिरवलं आणि पंधरा मिनिटांनी उतरवलं, केवळ घड्याळांकडे बघून. जगातलं हे पहिलं संपूर्ण आंधळं उड्डाण. समोर कोल्समनचा अल्टिमीटर होता. हाच डूलिटल पुढे १९४२ साली टोकियोवर बॉम्ब टाकायला गेला.

म्हणजे जे. आर. डी. कराचीहून निघाले त्याच्या तीन वर्षं आधीच हे झालेलं होतं. पण प्रयोगशाळेतली गोष्ट पुस मॉथपर्यंत यायला वेळ लागतो. त्यासाठी नुसती खिडकी पुरत नाही. रेडिओ पाहिजे आणि प्रत्येक विमानतळावर दाबमापकाकडे बघत बसलेला माणूस पाहिजे. मठाच्या बागेतला तो पाद्री.

तो आला. विमानतळाचा नियंत्रक वैमानिकाला आकडा सांगू लागला. तारायंत्राच्या काळात ‘क्यू’ नं सुरू होणारे तीन अक्षरी संकेत ठरले होते, त्यातले दोन या कामाचे. ‘क्यूएफई’ लावला तर त्या धावपट्टीवर काटा शून्य दाखवेल. ‘क्यूएनएच’ लावला तर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवेल. ही अक्षरं कुठल्याही शब्दांची संक्षेपं नाहीत, पाठ करणारे आपापले शब्द जुळवतात. आज बहुतेक जग क्यूएनएच वापरतं, कारण नकाशावर डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून लिहिलेली असते. लोहगड नकाशात ३,४०० फूट असेल तर काट्यानंही त्याच शून्यापासून मोजलेलं बरं.

आणि समुद्रसपाटी म्हटलं की मला माझी एक चूक आठवते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी भूगोलाच्या बाई रजेवर होत्या आणि मी सातवीच्या वर्गावर त्यांचा तास घ्यायला गेलो होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. पुस्तकातलं वाचून दाखवलं: पुणे सतह-ए-समंदर से ५६० मीटर बुलंद है. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, सर, समंदर तो ऊपर-नीचे होता रहता है, फिर सतह कौनसी? मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, जो किताब में है वही लिखो, बैठो. ती बसली. पुन्हा त्या वर्षात तिनं मला काही विचारलेलं आठवत नाही.

उत्तर होतं, आणि ते मुंबईतच होतं. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटी मोजण्याचं यंत्र चालत आलंय. पाणी वर-खाली होतं, यंत्र लिहीत राहतं, वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींची सरासरी काढली की ती झाली ‘सतह’. भारताच्या सर्वेक्षण खात्यानं १९०९ साली देशाच्या उंचीचं जे पहिलं जाळं जुळवलं, ते अशाच नऊ बंदरांवरच्या सरासरीला शून्य धरून. म्हणजे समुद्रसपाटी समुद्रात कुठंही दिसत नाही. माणसांनी बसून, मोजून, एकमतानं ठरवलेली ती रेघ आहे. मुलीचा प्रश्न अगदी बरोबर होता. मराठीतला ‘सपाटी’ आणि उर्दूतला ‘सतह’ हे दोन्ही शब्द ऐकून वाटतं तितकं ते सपाट नाही.

तिला मी अल-बिरुनीची गोष्ट तरी सांगायला हवी होती. उर्दूत अल्टिमीटरला ‘इर्तिफ़ा-पैमा’ म्हणता येईल, आणि इर्तिफ़ा हा शब्द जुन्या ज्योतिर्विदांचा, सूर्य-तारे क्षितिजापासून किती वर आहेत हे सांगणारा. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अल-बिरुनी पंजाबात नंदना इथल्या किल्ल्यावर होता, आज ती जागा पाकिस्तानात आहे. समोर सपाट मैदान. त्यानं आधी खालून दोन ठिकाणांहून कोन मोजून टेकडीची उंची काढली. मग माथ्यावर जाऊन क्षितिज डोळ्याच्या समपातळीपेक्षा किती खाली दिसतं तो कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. आकडा आजच्या आकड्याच्या जवळ येतो. त्यात नशिबाचा वाटाही आहे, कारण हवेतून प्रकाश वाकतो त्याचा हिशेब त्यानं धरला नव्हता. पण मला इथं सांगायचं आहे ते वेगळं. त्यानं टेकडीची उंची समुद्रापासून मोजली नाही, समोरच्या मैदानापासून मोजली. त्याच्या कामाला तेच शून्य हवं होतं. म्हणजे वैमानिकांच्या भाषेत, त्यानं क्यूएफई लावला.

पोरानं विचारलं, “मग सगळ्यांनी एकच आकडा का नाही लावत?” लावतात. एका ठराविक उंचीच्या वर गेलं की सगळी विमानं स्थानिक दाब सोडून १०१३.२५ हा एकच आकडा लावतात, खाली खरा दाब काहीही असो. म्हणजे वर सगळ्यांचे काटे चुकीचे असतात, पण सारखेच चुकीचे. दोन विमानांमधलं अंतर खरं राहतं, टक्कर होत नाही. मी त्याला घड्याळाचं उदाहरण दिलं. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईनं स्वतःचा ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नव्हता, एकोणचाळीस मिनिटं मागे. प्रमाणवेळेनं दुपारचे बारा वाजतात तेव्हा मुंबईत सूर्य डोक्यावर आलेला नसतो; जोहरची नमाज आजही सूर्याच्या हिशेबानंच होते, मशिदीतल्या तक्त्यात ती वेळ बारा चाळीसच्या आसपास दिसते. पण रेल्वेगाड्या प्रमाणवेळेनं धावतात, कारण दोन गाड्यांनी एकमेकींना ओळखणं सूर्याला ओळखण्यापेक्षा जास्त गरजेचं असतं. उतरायची वेळ आली की मात्र विमानाला पुन्हा जमिनीचा खरा आकडा मागावा लागतो.

इतकं सगळं झाल्यावर तरी प्रश्न सुटला असं वाटेल. नाही सुटला. विमानं उंच जाऊ लागली तशी एका तबकडीत तीन काटे आले: शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा. २४ डिसेंबर १९५८ रोजी ब्रिस्टल ब्रिटानिया जातीचं एक मोठं विमान लंडनहून चाचणीसाठी उडालं होतं. माणसं बारा. चाचणी संपवून ते दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्याकडे उतरू लागलं. खाली धुकं. आपण साडेअकरा हजार फुटांवर आहोत अशी वैमानिकांची समजूत होती. ते होते दीड हजारावर. सगळ्यांत लहान, दहा हजारांचा काटा वाचण्यात चूक झाली होती. क्राइस्टचर्चजवळ विमान शेतात कोसळलं, नऊ माणसं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्कॉटलंडमध्ये एक व्हायकाउंट विमान याच दहा हजारांच्या चुकीनं खाली आलं होतं; त्यातले पाचही जण वाचले, म्हणून त्याचा गाजावाजा कमी झाला. पुढे काट्यांच्या जोडीला आकडे दाखवणाऱ्या तबकड्या आल्या त्या अशा किमतीनं. खालच्या माणसानं बरोबर सांगितलं, यंत्रानं बरोबर दाखवलं, तरी वाचणारा डोळा माणसाचाच.

पोरगा गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, “त्यांच्याकडे बी की नव्हती.”

मला हसू आलं, पण त्याचं बोलणं मनात राहिलं. ती कळ म्हणजे दाबमापकाजवळ बसलेला निरीक्षक, रेडिओवरचा नियंत्रक आणि आकडा ऐकून गुंडी फिरवणारा वैमानिक, तिघं एका बोटाखाली. गेम सोपा व्हावा म्हणून ती ठेवली आहे, तक्रार नाही. पण ती दाबली की यातलं काहीच घडताना दिसत नाही.

त्याला मी एक गोष्ट दाखवली. मुंबई विमानतळाचा हवामानाचा अहवाल दर अर्ध्या तासाला निघतो आणि फोनवर कुणालाही वाचता येतो. सांकेतिक ओळ असते: वारा, ढग, तापमान आणि शेवटाकडे ‘क्यू’ अक्षरापुढे चार आकडे. तोच क्यूएनएच. आता तो उड्डाणाआधी ती ओळ काढतो, आकडा वहीत लिहितो, गेमच्या हवामानात भरतो आणि ‘बी’ न दाबता गुंडी हातानं फिरवतो. वहीत महिन्याभराच्या नोंदी झाल्यावर त्यानं स्वतःहून सकाळ आणि दुपार असे दोन रकाने पाडले. दुपारचा आकडा जवळजवळ रोज कमी.

परवा त्यानं जुहू ते पुणे मारलं. निघताना क्यू १००५. खंडाळ्याच्या अलीकडे ढग आले, तेव्हा तो वळला आणि परत जुहूला उतरला. काटा जमिनीवर दहा-बारा फुटांवर होता. मी विचारलं, पुढे का नाही गेलास? म्हणाला, “पुण्याचा आकडा घ्यायला विसरलो होतो.”